एका नावावर दोघं

“हर्षदा, नवं मशीन तू चालवतीस. जुनं मशीन पण तूच चालवतीस. कळालं?”

मगदूमसाहेब जिना चढता चढताच हे बोलत वर आले. हातात एका ईमेलची छापील प्रत होती. शिरोली एमआयडीसीत पस्तीस वर्षं पॅटर्न शॉप चालवलेला हा माणूस. गिऱ्हाईक तोंडावर शिव्या देऊन निघालं तरी त्याला चहा पाजून पाठवायचे. त्या दिवशी मात्र त्यांच्या मिशीलासुद्धा घाम फुटला होता.

सकाळचे साडेनऊ झाले होते. मी टेबलाशी उभी राहून खालून आणलेली मापं वहीत उतरवत होते. जुन्या मशीनवर पंडितमामा बसले होते. रोज सकाळी तेच बसायचे.

“आणि मामा?” मी विचारलं.

“मामांचा काय संबंध? मामा सुतार हायत. चार दिवस खाली सुतारांच्यात उभं ऱ्हातील. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस बेस्तरवारी येणार, बघणार, जाणार. आपल्याकडं एकच माणूस हाय आणि ती तू हायस, एवढंच ध्यानात ठेव.”

मामांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. “चार दिवसच न्हवं? जातो की. त्यात काय एवढं,” असं म्हणून त्यांनी हातातलं ड्रॉइंग सेव्ह केलं, मग पुन्हा एकदा सेव्ह केलं. ते नेहमी दोनदा सेव्ह करायचे, कारण एकदा केलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मग ते उठले आणि खाली गेले.

आमच्याकडं काय चालायचं ते आधी सांगायला हवं. ओतकामाला, म्हणजे कास्टिंगला, लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. तो नमुना म्हणजे पॅटर्न. खाली आठ सुतार पॅटर्न बनवायचे आणि वर आम्ही दोघं कॉम्प्युटरवर त्याचं ड्रॉइंग करायचो. मी डिप्लोमा केलेली, चोवीस वर्षांची, स्वतःला फार हुशार समजणारी. पंडित सुतार छप्पन्न वर्षांचे, सातवी शिकलेले आणि माझ्यापेक्षा दसपट जाणकार.

मामा तीस वर्षं खालीच होते. रंधा आणि पॉलिशपेपर. सागवानाची बारीक भुकटी तीस वर्षं छातीत गेली आणि एकदा ते फरशीवर बसले ते उठेनात. डॉक्टरांनी फोटो बघून साफ सांगितलं, “आता यापुढं धूळ बंद. अर्धं फुप्फुस गेलंय, उरलेलं गेलं तर माझ्याकडं येऊ नका.” दुसरा कोणी मालक असता तर हार घालून घरी पाठवला असता. साहेबांनी त्यांना वर आणलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि मला म्हणाले, “ह्यांला शिकव.” त्यात त्यांचा स्वार्थ होता हे खरं, कारण वाळूत लोखंड कसं वागतं हे ज्याच्या हाताला कळतं असा माणूस वर कोणी नव्हता. पण माणुसकीही होती, ती मी नाकारणार नाही. मामा आठ महिन्यांत शिकले. माऊस धरताना आधी जीभ बाहेर यायची, मग हळूहळू आत गेली.

तेवढ्यात त्या सॉफ्टवेअर कंपनीनं विकणंच बंद केलं. आता दर वर्षी वर्गणी. साहेबांनी एक घेतली. कंपनीवाले ईमेल पाहिजे म्हणाले, माझा दिला, म्हणून नाव माझं पडलं. त्या एका वर्गणीत पुष्कळ काही होतं. ताजं व्हर्जन होतं, आणि हवी असतील तर आधीच्या तीन वर्षांचीही होती. एका मशीनवर नवं घाला, दुसऱ्यावर जुनं घाला, कंपनीची ना नाही. आमची ती गरजच होती. सांगलीकडची एक पंप कंपनी हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि त्यांच्याकडं अजून जुनंच व्हर्जन चालायचं. नव्यात एकदा सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. सुनेनं घर आवरलं की सासूला चमचा सापडत नाही, तसं. म्हणून पंपाचं सगळं काम मामा जुन्यावर करायचे आणि बाकीचं मी नव्यावर.

एकच अट होती, तिसऱ्या पानावर. व्हर्जन कितीही वापरा, माणूस एक. साहेबांनी दोन पानं वाचली होती.

दोघांनी एकदम उघडलं की एकजण बाहेर फेकला जायचा. म्हणून सकाळी सात ते एक मामा, आणि दीडपासून संध्याकाळी सातपर्यंत मी. सकाळी मी खाली मापं घ्यायचे, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. कधी चुकून मी लवकर उघडलं की मामांच्या स्क्रीनवर पाटी यायची: हर्षदा, तुम्ही दुसऱ्या मशीनवर काम करत आहात. मामा खुर्चीत मागं रेलून मोठ्यानं म्हणायचे, “हर्षदा, तू तिकडं बसलीयास म्हणं. मग मी कोण?” आणि खोकत खोकत हसायचे.

अडीच वर्षं असं चाललं. मामांनी काढलेल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नाव यायचं ते हर्षदा नलवडे. ते यंत्रच घालायचं. एकदा मी म्हणाले होते, “मामा, तुमचं नाव हातानं घालू का?” तर म्हणाले, “कुणी बघितलं तर साहेबास्नी तरास. नाव काय करायचंय? बसायला जागा मिळाली, बास.”

तर ते त्या जागेवरून उठले. मंगळवार होता.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला सॉफ्टवेअर कंपनीचे दातार आले. पुण्याचे, पस्तिशीचे, पाण्याची बाटली स्वतःची आणलेली. आम्ही सगळे कोणी पोलीस येणार असल्यासारखे उभे. हे मात्र बूट दाराबाहेर काढू का विचारत आत आले. मला जरा हायसं वाटलं. मी त्यांच्याशी बोलताना “मी बघतो, मी करतो” हे आमच्या कोल्हापूरच्या बायकांचं बोलणं आवरून “मी बघते, मी करते” करायला लागले, हेही मला आठवतं. कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी दोन्ही मशीनं बघितली, लॅपटॉप काढला, त्यात आमचा सगळा हिशेब होता. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणतं व्हर्जन.

“सकाळी सात ते एक जुनं. दीड ते सात नवं,” ते म्हणाले. “रोज बारा तास तुम्ही एकट्या काम करता?”

“हो.”

“शनिवारीसुद्धा?”

“काम असतं.”

साहेब मध्येच म्हणाले, “लई कष्टाळू पोरगी हाय, साहेब. लग्नाचं बघतायत घरात, पर ही ड्रॉइंग सोडून उठंल तर शपथ.” मग त्यांचा फोन वाजला. वाजला नसता तर त्यांनी तो वाजवला असता. ते गच्चीवर गेले.

“घाबरू नका,” दातार म्हणाले. “दोन व्हर्जन वापरता हा गुन्हा नाही. त्यासाठीच तर दिलीत. फक्त माणूस एक हवा. एखादं काम दाखवा बरं जुन्यातलं.”

मी पंपाच्या घराचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, ड्रॉइंग उघडलं. गोगलगाईच्या शंखासारखा आकार, आत पाणी फिरायची पोकळी. लोखंडात पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा एक गोळा टांगून ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. हे मामांचं सगळ्यात अवघड काम. तीन महिने घातले होते त्यांनी त्यात. दातारांनी ते फिरवून फिरवून बघितलं. त्यांना ड्रॉइंगमधलं कळत होतं, तीच पंचाईत झाली.

“सुंदर आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी मोजपट्टी लावली, पुन्हा लावली. “पण हा कोअर मध्यावर नाही. दीड मिलिमीटर खाली आहे. चुकलंय का?”

मला माहीत नव्हतं. अडीच वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी कधी विचारलं नव्हतं. मी स्क्रीनकडं बघत राहिले, जशी काही आठवतेय.

दातारांना एखादा पॅटर्न प्रत्यक्ष बघायचा होता, म्हणून साहेबांनी खाली निरोप दिला होता, आणि तो घेऊन नेमके मामाच वर आले. नाकाला रुमाल बांधलेला, भुवयांवर भुसा. दारात उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं असणार. पॅटर्न त्यांनी टेबलावर ठेवला, रुमाल खाली ओढला आणि मला म्हणाले, “बाई, त्या दिशी तुम्हीच सांगितलासा की आमास्नी. लोखंड वतलं की कोअर तरंगून वर येतोय, म्हणून आधीच वाईच खाली धराय पायजे म्हणून.”

बाई. मला ते नेहमी पोरी म्हणायचे.

“हो,” मी दातारांना म्हणाले. “वाळू हलकी असते. लोखंड तिला वर ढकलतं. म्हणून कोअर आधीच खाली ठेवायचा, म्हणजे ओतताना तो मध्यावर येतो.”

दातार खुर्चीतून जवळजवळ उठले. “हे कोणत्या कॉलेजात शिकवतात?”

“अनुभवानं येतं,” मी म्हणाले.

मामा अजून दारातच होते. ते जरासे हसले, खरोखरच्या कौतुकानं हसले, आणि जिना उतरायला लागले. खोकल्याचा आवाज पहिल्या वळणापर्यंत आला, मग खालच्या करवतीत बुडाला.

दातार माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघत होते. म्हणाले, पुण्यात आमच्या ओळखीच्या कंपन्या अशा माणसांसाठी तरसतात. कॉलेजातून येणाऱ्यांना सॉफ्टवेअर येतं, लोखंड येत नाही. तुम्हाला दोन्ही येतं. तुमचा नंबर देऊन ठेवा. मी दिला. आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला, शिरोलीच्या एका जिन्यावरच्या खोलीत बसलेल्या नलवड्यांच्या मुलीला, मोठं म्हटलं होतं. ते किती गोड लागलं ते खोटं का सांगू?

मग लॅपटॉप मिटता मिटता ते म्हणाले, “एक सांगतो, मॅडम. साहेब बाहेर आहेत म्हणून विचारतो. दुसरं कोणी वापरत असेल तर आत्ता सांगा. दंड वगैरे काही नाही. त्याचं नाव घालू, आजपासून त्याची वेगळी वर्गणी सुरू होईल. तुमच्या मालकांशी मी बोलतो, पहिल्या वर्षी सवलत असते. मागचं मी उकरत नाही.”

बोललं की मोकळं होणार होतं, इतकं सोपं होतं. पंडित सुतार, वय छप्पन्न, जुनं व्हर्जन, सकाळी सात ते एक. ते पंपाचं घर त्यांचं. एवढंच म्हणायचं होतं. साहेब कुरकुरले असते, पण सांगलीचं काम हातचं जाऊ नये म्हणून त्यांनी दुसरी वर्गणी भरलीच असती, असं मला आजही वाटतं. मामांना स्वतःच्या नावावर खुर्ची मिळाली असती.

“नाही,” मी म्हणाले. “मी एकटीच आहे.”

“मग मी तसं लिहितो. वर्षभरानं परत एक फेरी होईल. तोवर तुमच्या नावावर तुम्हीच.”

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि साहेबांनी दोन्ही हात वर केले. “सुंठीवाचून खोकला गेला बघ!” मग जिलेबी मागवली. खालच्या सगळ्यांनी खाल्ली. मामांनीही खाल्ली, आणि कागदात बांधून दोन वेढे मामींसाठी नेले.

सोमवारी मामा सवयीनं वर यायला लागले, तर साहेबांनी त्यांना पायरीवरच थांबवलं. “मामा, काही दिस थांबा. आता आमच्यावर नजर हाय. वर्षभरानं तो परत येणार. तोवर वर एकटी हर्षदाच बरी.”

“वर्षभर?” मामा म्हणाले.

“खाली धुळीचं काम करू नगा. नुसतं बघा, सांगा.”

सुताराला नुसतं बघा म्हणणं म्हणजे आचाऱ्याला उपास धर म्हणणं. आणि धूळ काय काम विचारून आत जाते? त्या शेडमध्ये नुसतं उभं राहिलं तरी संध्याकाळी केस पांढरे व्हायचे. सांगलीचं काम मी आता जुन्या मशीनवर बसून करायला लागले. अडलं की मामांनी आधी केलेल्यातलं उचलायचे. निभत होतं.

महिनाभरानं एका सकाळी मामा वर आले. जिन्याच्या मध्यावर थांबलेले मला ऐकू आले. पाऊल नाही, नुसता श्वास. मग उरलेल्या पायऱ्या. दारात भिंतीला हात टेकून उभे राहिले.

“पोरी, एक इचारू?”

“विचारा की, मामा.”

“सकाळचं दोन तास तरी बसू दे. सात ते नऊ. तवा तू येतीस कुठं? साहेबास्नी मी सांगतो. तू हो म्हणालीस तर ते न्हाई म्हणायचं न्हाईत.” ते थांबले, श्वास गोळा केला. “खाली निभंना झालंय.”

छाती वाजत होती त्यांची. मला ऐकू येत होतं, मला कळत होतं, डॉक्टर काय म्हणाले होते तेही मला ठाऊक होतं. तरी मी काय म्हणाले?

“मामा, मी त्यांना लिहून दिल्यासारखं सांगितलंय की मी एकटीच. आता सकाळी सातला कुणी उघडलेलं दिसलं तर माझ्यावर येतंय. साहेबांवर नाही, माझ्यावर. नाव माझं हाय.”

“व्हय,” मामा म्हणाले. “ते बी खरं हाय.”

“थोडे दिवस काढा. मी साहेबांशी बोलतो दुसऱ्या वर्गणीचं.”

“बोल की.”

मी बोलले नाही. बोलायचं तर साहेबांनी विचारलं असतं, तो माणूस आला तेव्हाच का नाही बोललीस. आणि दातारांचा आदल्याच आठवड्यात फोन आला होता. पुण्यातल्या एका मोठ्या पंप कारखान्यात जागा होती, मुलाखत दिवाळीनंतर, येताना कामाचे नमुने आणा. माझे नमुने कोणते हे सांगायला नको. चोराच्या मनात चांदणं. मला जिथं तिथं दातारांचा लॅपटॉप दिसत होता.

मामा दसऱ्यापर्यंत खाली उभे राहिले. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, त्यांनी रंध्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडायला वाकले आणि तिथंच बसले. दोघांनी धरून रिक्षात घातलं. त्यानंतर ते कामावर आले नाहीत.

मुलाखतीत तीन माणसं होती. मधल्यानं पंपाच्या घराचं ड्रॉइंग मोठ्या कागदावर छापून घेतलं होतं, टेबलभर पसरलं होतं. कोपऱ्यात हर्षदा नलवडे. “हे तुम्ही केलंय?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. कोअर खाली का, हे त्यांनीही विचारलं आणि मी सांगितलं, दातारांना सांगितलं तसंच, शब्दही तेच. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मी डिसेंबरात रुजू झाले.

फेब्रुवारीत मी पंडितमामांना भेटायला गेले.

शनिवारी सकाळची एसटी धरली. घरी आईला फोनवर सांगितलं, मामा आजारी आहेत, बघायला येते. स्वतःलाही तेच सांगितलं होतं. वाटेत कराडला सफरचंदं घेतली, लाल, एकेक पारखून. बोलायचं वाक्य पाठ करत होते. ‘मामा, माझं चुकलं. तुम्हाला वर बसवायचं माझ्या हातात होतं आणि मी बसवलं नाही.’ दोनच वाक्यं. स्टँडवर उतरेपर्यंत तोंडपाठ झाली.

पुलाच्या शिरोलीत देवळामागं त्यांचं घर. मामी दारात आल्या, मला बघून म्हणाल्या, “आली बया! सारखं नाव काढत्यात.” आतल्या खोलीत कॉटवर मामा बसलेले होते, आडवं झालं की श्वास अडायचा म्हणून रात्रंदिवस बसूनच. शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं, नाकात नळी. खांद्याची हाडं सदऱ्यातून दिसत होती. पण डोळे तसेच.

“ये ये. पुण्याचं पाणी मानवलेलं दिसतंय.”

“बरं आहे, मामा.”

“साहेब कसं हायत? हितं आलं हुतं दोनदा. रडलं.” नळीतून श्वास. “त्येंचा काय दोष? नाव एकाचंच चालतंय म्हटल्यावर त्येनी तरी काय करायचं?”

आता, मी मनात म्हणाले. आत्ता बोलायचं. मी सफरचंदांची पिशवी मामींकडं दिली, परत बसले, तोंड उघडलं.

“तितं इचारलं का?” मामाच म्हणाले. “कोअरचं?”

मी पर्स मांडीवर ओढली.

“नवं काम दिलं असंल. मोठ्ठा पंप. किती खाली धरायचं म्हणून इचारलं असंल.” ते हसले. “दीड म्हणून चालत न्हाई ते. दर येळंला येगळं असतंय.”

दिलं होतं. दुप्पट आकाराचं पंपाचं घर, आणि तिथल्या मोठ्या साहेबांनी बुधवारी सगळ्यांसमोर विचारलं होतं, मॅडम, यात कोअर किती खाली धरायचा? मी म्हणाले होते, सोमवारी सांगते. म्हणूनच ती शनिवारची एसटी. सफरचंदं आणि दोन वाक्यं मी वाटेत गोळा केली होती, निघाले होते ते आकड्यासाठी. हे मला कळलं ते त्या खोलीत, त्यांनी विचारल्यावर. मामांना बहुतेक मी दारात पाऊल टाकलं तेव्हाच कळलं असावं.

“वही हाय का?” ते म्हणाले. “काढ.”

मी काढली. पर्समध्येच होती.

“कोअरचं वजन कर आधी.” श्वास. “वजनाच्या साडेतीन पट... लोखंड त्येला वर ढकलतंय. लिही. साडेतीन.” श्वास. “मग बघायचं... दोन आधारात अंतर किती. हातानं मोज. इताला अर्धा मिलिमीटर. आपल्या पंपात तीन इता हुत्या, म्हणून दीड.”

मी लिहिलं. वितेला अर्धा. मामी यंत्राचा आवाज ऐकत दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “बास करा की आता. बोलू नका म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी.” मामांनी बोट वर केलं, थांब म्हणून. त्यांचे ओठ निळसर झाले होते. तेव्हा मी वही मिटवायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पेनाचं टोपण शोधलंसुद्धा, आणि मग ते पेनाच्या मागं खोचलं.

“मामा, कोअर दुप्पट मोठा असला तरी वितेला अर्धाच?”

ते बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मग हातानं हवेत एक आकार काढला, तो खाली वाकवून दाखवला, मला कळेना, पुन्हा काढला. “मोठा असला की... मधी वाकतोय. आधार... तिसरा द्याचा. न्हाईतर...” आणि खोकला आला. नळी निसटली. मामींनी धावत येऊन ती बसवली, पाठ चोळली, माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. त्यांना वाटत होतं, ही पोरगी त्यांची विद्या जपतेय.

मामा त्यानंतर अकरा दिवस होते. मला निरोप आला तेव्हा मोठा पंप ओतून झाला होता, पहिल्याच फेरीत बरोबर उतरला होता, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माझं नाव होतं. ती दोन वाक्यं मी अजून कोणालाच म्हटलेली नाहीत.

त्या दिवशी खोकला थांबल्यावर मामांनी डोळे उघडले आणि पुन्हा बोट वर केलं. अजून सांगायचं होतं त्यांना. मामींनी त्यांच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला आणि मला विचारलं, “अजून किती ऱ्हायलंय गं?”

मी वहीतले उरलेले प्रश्न बघितले.

“दोनच,” मी म्हणाले, आणि पान उलटलं.